मनाला बरं वाटायला वेगळी वाट शोधताय? कोल्हापुरातनं सुरुवात अशी करा

काही वर्षांपासून लई जण हे विचारायला लागलेत. कुणाचा घटस्फोट झालाय, कुणाचे वडील गेलेत, कुणाचं वरवर सगळं ठीक आहे, नोकरी आहे, फ्लॅट आहे, पण सकाळी उठून आवरायचं म्हटलं की अंगात जीवच नसतो. घरात देवपूजा चालू असते पण त्यात मन लागत नाही, मग मोबाइलवर रेकी, टॅरो, विपश्यना, साउंड हीलिंग, पूर्वजन्म असलं सगळं एकदम समोर येतं आणि कुठनं सुरू करायचं, कुणावर विश्वास ठेवायचा, पैसे किती घालायचे, काहीच कळत नाही. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. माझं मत सुरुवातीलाच सांगतो, वाट कुठलीही धरा, पण अशी धरा की ती तुम्हाला स्वतःला तपासता येईल आणि नको वाटली तर कुणाची परवानगी न घेता सोडता येईल. आणि त्यासाठी लगेच ऋषिकेश-धरमशाळेचं तिकीट काढायची गरज नाही, आपल्या जिल्ह्यातच बघण्यासारखं नि शिकण्यासारखं भरपूर आहे.

आधी कागद-पेन घ्या

नेमकं काय दुखतंय ते लिहा. "मनःशांती पाहिजे" असं लिहू नका, त्यातनं काही हाताला लागत नाही. "रात्री तीनला जाग येते आणि परत झोप लागत नाही", "भावाशी बोलणं बंद आहे आणि ते खातंय", "आई गेल्यापासून घरात पाऊल टाकवत नाही", "हे सगळं कशासाठी चाललंय तेच समजत नाही", असं लिहा. कारण दुखणं वेगळं तशी वाट वेगळी. झोप, धडधड, बेचैनी असेल तर शरीर आणि श्वास यांपासून सुरुवात करावी. माणूस गेल्याचं दुःख असेल तर एकट्यानं डोळे मिटून बसण्यापेक्षा चार माणसांत भजनाला बसणं, चालणं, गाणं जास्त कामाला येतं असं मी बघितलंय. कुणाचं तरी वाईट केल्याचं किंवा वाईट बोलल्याचं मनात सलत असेल तर क्षमा मागायची जी साधना आहे ती बघावी. आणि "मी कोण" हा प्रश्न खरोखर छळत असेल तर विचाराचा मार्ग आहे, त्यावर खाली लिहितो.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या आधी. दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच रस नाही, कानात आवाज येतात, किंवा जगावंसं वाटत नाही असं मनात येतंय, तर आधी मानसोपचाराचा डॉक्टर, साधना नंतर. सरकारची टेली-मानस नावाची हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, चोवीस तास चालू असते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. आपल्या सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात, पण मानसोपचार विभाग आहे. डॉक्टरकडं गेलं म्हणजे अध्यात्म सोडलं असं काही नसतं, दोन्ही बरोबर चालतं. आणि गोळ्या चालू असतील तर ध्यानानं बरं वाटायला लागलं म्हणून स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका, कुणी गुरू म्हणाला तरी नाही, डॉक्टरला विचारून हळूहळूच कमी करायची असते. हे मी जरा जोर देऊन सांगतोय कारण या एका गोष्टीनं माणसं फार खाली जातात.

फुकटात, घरात, आजपासून

पैसे भरायच्या आधी महिनाभर घरी बसून बघा. सकाळी पंधरा-वीस मिनिटं, खुर्चीत बसला तरी चालतं, पाठ ताठ, डोळे मिटलेले, आणि लक्ष फक्त नाकपुड्यांच्या तोंडाशी. श्वास आत जातोय, बाहेर येतोय, बस. श्वास लांब करायचा नाही, रोखायचा नाही, जसा आहे तसा जाणायचा. मन पळणार, ते पळालं हे कळलं की परत नाकाशी आणायचं, स्वतःवर चिडायचं नाही. यालाच आनापान म्हणतात. पहिले काही दिवस वाटेल की डोकं आधीपेक्षा जास्त गडबडलंय, तसं काही झालेलं नसतं, ही गडबड आधीपासूनच होती, आता फक्त ऐकू यायला लागली. पण बसल्यावर घाबरायला होत असेल, छाती आवळत असेल, जुनं काही भयंकर आठवत असेल तर डोळे उघडा, पाय जमिनीला टेकवा, खोलीतल्या वस्तू बघत बघत मनात त्यांची नावं घ्या, आणि त्या दिवसापुरतं थांबा. ध्यान सगळ्यांना सगळ्या वेळी मानवतंच असं नाही, काहींचं आधीच हललेलं मन त्यानं आणखी हलतं, म्हणून थांबायला लाजू नका.

बसणं जमतच नाही त्यांनी योगनिद्रा करावी. बिहार स्कूल ऑफ योगच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी ती आजच्या रूपात मांडली. जमिनीवर उताणं झोपायचं, उजव्या हाताच्या अंगठ्यापासून सुरू करून एकेका अवयवावर लक्ष फिरवत न्यायचं, अंगठा, पहिलं बोट, दुसरं बोट, तळवा, मनगट असं सगळं अंग. कुणीतरी सावकाश बोलत असेल तर सोपं जातं, मराठीत ऑडिओ मिळतात, वीस-तीस मिनिटांचे. झोप लागली तरी काही बिघडत नाही, झोपेचाच त्रास असेल तर उलट चांगलंच.

जागेचं म्हणाल तर रंकाळा तलावावर सकाळी बसायला जाऊ नका, फिरणाऱ्यांची इतकी गर्दी असते की लक्ष लागत नाही, चालत ध्यान करायचं असेल तर मात्र चांगलं. घरातला एक कोपरा ठरवलेला सगळ्यात बरा, कारण पाऊस असू दे, पाहुणे असू दे, तो कोपरा कुठं जात नाही.

दहा दिवसांची विपश्यना: आळत्याचं केंद्र

महिनाभर घरी बसणं जमलं आणि आणखी खोल जावंसं वाटलं की मग याचा विचार करा. हातकणंगल्याजवळ आळते इथं रामलिंगच्या वाटेवर धम्मालय नावाचं विपश्यना केंद्र आहे, शहरातनं तासाभरात पोहोचता येतं. सत्यनारायण गोयंका यांनी ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडनं ही विद्या शिकून भारतात आणली, १९७६ ला इगतपुरीला धम्मगिरी सुरू झालं, आणि त्याच पद्धतीनं इथं शिकवतात. फॉर्म ऑनलाइन भरायचा. शिकवण्याचे, राहण्याचे, जेवणाचे कशाचेच पैसे घेत नाहीत, आणि दान सुद्धा कोर्स पूर्ण केलेल्याकडनंच घेतात, आधी कुणाकडनं नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आत काय असतं ते नीट समजून जा, कारण अर्धवट माहितीवर गेलेले तिसऱ्या दिवशी बॅग भरतात. पहाटे चारला घंटा, रात्री साडेनऊला दिवे बंद, मधे मिळून दहा तासांच्या आसपास बसणं. मोबाइल पहिल्याच दिवशी जमा. वाचायचं नाही, लिहायचं नाही, आणि आर्य मौन, म्हणजे शेजारच्याशी बोलणं तर नाहीच, खाणाखुणा पण नाहीत. शिकवणाऱ्या आचार्यांशी आणि व्यवस्थापकाशी मात्र बोलता येतं. जेवण शाकाहारी, नव्या लोकांना संध्याकाळी चहा नि फळं, रात्रीचं जेवण नाही. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाला याची धास्ती वाटते पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर पोटाची काही तक्रार राहत नाही, तक्रार असते ती गुडघ्यांची. पहिले साडेतीन दिवस फक्त नाकाशी श्वास, मग विपश्यना शिकवतात, डोक्यापासून पायापर्यंत अंगावरच्या संवेदना बघायच्या, चांगली असली तरी तिला धरायचं नाही, दुखत असलं तरी ढकलायचं नाही. त्यानंतर दिवसात तीन वेळा तासभर हातपाय न हलवता बसायला सांगतात. दहाव्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायची साधना, शिकवतात आणि मौन सुटतं.

फॉर्ममध्ये मानसिक आजाराचं, गोळ्यांचं विचारतात, तिथं खरं लिहा. जागा मिळणार नाही म्हणून लपवणारे मी बघितलेत आणि ते फार धोक्याचं आहे, दहा दिवसांच्या शांततेत दाबून ठेवलेलं सगळं वर येतं आणि शेजारी ओळखीचं कुणी नसतं. रेकी, म्हणजे हात ठेवून ऊर्जा द्यायची पद्धत, करत असाल तर तेही सांगावं लागतं, दोन्ही मिसळू नका असं त्यांचं स्पष्ट म्हणणं आहे. नुकतंच कुणी वारलंय, ऑपरेशन झालंय, अशात जाऊ नका, काही महिने जाऊ द्या. आणि परत आल्यावर सकाळ-संध्याकाळ तासभर बसा असं ते सांगतात, संसारात ते अवघड जातं, पण अर्धा तास तरी सोडू नका नाहीतर महिन्याभरात सगळं विरून जातं.

"मी कोण" वाल्यांसाठी

"मी कोण" हा विचार शिकवणाऱ्या रमण महर्षींचं नाव सगळ्यांना माहीत असतं, त्यांच्या तिरुवण्णामलैला जायची स्वप्नं बघतात, पण हीच वाट अगदी आपल्या दारातनं गेलेली आहे हे कितीजणांना माहीत आहे? इंचगिरी संप्रदाय, भाऊसाहेब महाराजांपासून सुरू झालेला. त्यांचे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज, सोलापूरकडचे, १९३६ ला गेले. आणि सिद्धरामेश्वरांच्या शिष्यांत एकीकडं मुंबईत विडीचं दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज, ज्यांच्यासमोर बसायला जगभरातनं लोक यायचे आणि ते बोलायचे मराठीत, आणि दुसरीकडं आपल्या कणेरी मठाचे काडसिद्धेश्वर महाराज. कणेरी मठ शहरापासून दहा-बारा किलोमीटर, आपण तिथं पाहुण्यांना म्युझियम दाखवायला नेतो आणि परत येतो, ही परंपरा विचारतच नाही, याचं मला वाईट वाटतं.

या परंपरेत पिपीलिका मार्ग आणि विहंगम मार्ग असे दोन सांगतात, मुंगीसारखं सरपटत जपतप करत जायचं किंवा पाखरासारखं थेट झेप घ्यायची, म्हणजे ऐकून, विचार करून, समजून. करायचं काय तर शांत बसून "मी आहे" एवढीच जी जाणीव आहे, नाव नाही, नोकरी नाही, जात नाही, कुणाची बायको-कुणाचा बाप नाही, नुसतं असणं, तिथं थांबायचं. "मी दुःखी आहे" असं उठलं की दुःख कुणाला दिसतंय ते बघायचं, उत्तर शब्दांत द्यायचं नाही. दिवसात पाच-दहा वेळा, मिनिटभर, बसमध्ये सुद्धा जमतं. ज्यांना डिप्रेशन आहे, सगळं खोटं-परकं वाटतंय, त्यांनी मात्र ही साधना आत्ता करू नये, त्यांना आधी जगाशी नातं घट्ट करायची गरज असते.

शेजारच्या घरातल्या वाटा

वेगळी वाट म्हणजे परदेशातलीच पाहिजे असं नाही, कित्येकदा ती शेजारच्या घरात असते. आपल्या जिल्ह्यात जैन समाज मोठा आहे, त्यांचं सामायिक बघा, एक मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटं एका जागी बसायचं आणि तेवढा वेळ कुणाबद्दल राग नाही, लोभ नाही. प्रतिक्रमणात झालेल्या चुका आठवून क्षमा मागतात, अपराधीपणानं पोखरलेल्या माणसाला हे खरंच औषध आहे. कुंभोजच्या बाहुबलीला जाऊन त्या २८ फुटी मूर्तीसमोर नुसतं उभं राहून बघा, ती मुद्रा कायोत्सर्गाची आहे, शरीर सोडून दिल्यासारखं स्थिर उभं राहणं. घरी पण करता येतं, पाय जरा अंतरावर, हात मोकळे, पाच मिनिटं.

लिंगायत घरांत इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन त्याच्याकडं एकटक बघत बसतात, देव देवळात नाही, हातात. मित्राच्या घरी आजी-आजोबा करत असतील तर विनंती करा, बसू देतात, आनंदानं सांगतात. आणि वडील गेले, आई गेली त्यांना मी सांगतो, आषाढी एकादशीला कोल्हापुरातनं नंदवाळला दिंडी जाते तिच्यात चाला. एका दिवसाचं चालणं, पुईखडीला रिंगण, टाळ-मृदंगाचा आवाज, आणि रडू आलं तर कुणी "काय झालं" विचारत नाही. पंढरीची मोठी वारी नंतर करा, आधी ही.

दुसऱ्या धर्माच्या जागेत जायला बिचकू नका. बाबूजमाल तालमीत मोहरम नि गणेशोत्सव एकत्र आले की पंजा आणि गणपती एकत्र बसवायची रीत आहे, हे असलं गाव आहे आपलं. फक्त तिथल्या माणसांचे नियम पाळा, डोकं झाका म्हटलं तर झाका, फोटो नको म्हटलं तर नको.

रेकी, टॅरो, साउंड बाऊल, पूर्वजन्म

यावर थोडक्यात. रेकी जपानच्या मिकाओ उसुई यांनी १९२२ च्या सुमारास सुरू केली. कुणीतरी मायेनं हात ठेवतं, शांतता असते, अंग सैल पडतं, बरं वाटतं. आजार बरा होतो असा भक्कम पुरावा नाही, तेव्हा आराम म्हणून घ्या, उपचार म्हणून नाही, आणि लेव्हल एक, दोन, मास्टर अशा फी चढत जातात तिथं हात आखडता घ्या. साउंड बाऊल, म्हणजे धातूची वाटी वाजवून तिचा नाद ऐकत पडणं, पण तसंच, एकदा अनुभवायला हरकत नाही. टॅरो मुळात पंधराव्या शतकातल्या इटलीत पत्ते खेळायचा डाव होता, चित्र बघून आपल्या मनात काय येतं ते लिहून काढायला उपयोग होतो, पण लग्न मोडू का, नोकरी सोडू का हे पत्त्याला विचारू नका. पूर्वजन्माच्या सेशनला मी कुणालाच पाठवत नाही. संमोहनात माणसाला सुचवलेलं खरं वाटायला लागतं, न घडलेल्या गोष्टी आठवायला लागतात, आणि एकदा "तुझ्या सासऱ्यानं मागच्या जन्मी तुला मारलं" असं डोक्यात बसलं की ते काढायचं कुणी?

शिकवणारा माणूस कसा ओळखायचा

पहिल्या भेटीत सरळ प्रश्न विचारा. तुम्ही कुणाकडं शिकलात, एकूण खर्च किती, मधेच सोडलं तर काय, माझी गोळी चालू आहे त्याचं काय. प्रश्न विचारल्यावर जो चिडतो किंवा "श्रद्धा कमी पडते" म्हणतो त्याच्याकडं परत जायचं नाही. घरच्यांपासून तोडणारा, एकट्यात बोलावणारा, अंगाला हात लावायची परवानगी न विचारणारा, दोष सांगून शांतीसाठी पैसे मागणारा, "हे बाहेर सांगायचं नाही" म्हणणारा, यातलं एक जरी दिसलं तरी निघा. मुलींना-बायकांना सांगतो, पहिल्यांदा जाताना कुणाला तरी सोबत न्या, आणि सोबत चालत नाही म्हटलं तर उत्तर मिळालंच.

कायदा पण आपल्या बाजूला आहे. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात असल्या अघोरी फसवणुकीला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार दंड आहे. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं, चमत्कार दाखवून लुबाडणं, साप चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं, हे सगळं त्यात येतं. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते.

आणि देव नि आपण यांच्या मधल्या माणसाला "तुझा अधिकार काय" असं विचारणं हे या गावाला नवीन नाही. पुरोहितांनी वेदातल्या मंत्रांनी विधी करायला नकार दिला त्या वेदोक्त प्रकरणानंतर शाहू महाराजांनी नुसता निषेध करून सोडलं नाही, १९२० मध्ये पाटगावच्या मौनी महाराजांच्या पीठावर क्षात्रजगद्गुरू, म्हणजे मराठा समाजाचे स्वतःचे धर्मगुरू, नेमले, म्हणजे धर्माच्या बाबतीत कुणाच्या दारात ताटकळायचं नाही हे करून दाखवलं. आपण मात्र आजही कुणीतरी पांढरे कपडे घालून हळू आवाजात बोललं की लगेच वाकतो.

वही आणि घरची माणसं

एका वेळी एकच साधना, आणि तीन महिने तीच. सोमवारी रेकी, बुधवारी झेन, शनिवारी कीर्तन असं केलं की कशानं काय झालं ते कळत नाही. रोज रात्री वहीत दोन ओळी, आज बसलो का, झोप कशी होती, आज कुणावर ओरडलो. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ध्यानात प्रकाश दिसला, कंप आले, याची नोंद करत बसू नका, त्यानं काही सिद्ध होत नाही. पोरानं ग्लास फोडल्यावर तुम्ही काय केलं ते लिहा. आणि महिन्यातनं एकदा घरातल्या एका माणसाला विचारा की मी कसा वागतोय, तो खरं सांगतो.

घरात सांगताना "मी अध्यात्म करतोय" असं जाहीर करू नका, आई घाबरते, पोरगं संन्यास घेतंय की काय. "सकाळी वीस मिनिटं शांत बसतोय, तेवढा वेळ हाक मारू नका" एवढंच पुरतं. मांसाहार सोडला, देव्हारा हलवला, सणाला नाही म्हटलं, असले बदल पहिल्या वर्षात करूच नका, त्यानं भांडणं होतात आणि साधना बदनाम होते. घरात लहान पोरं आहेत आणि बायकोला दहा दिवस आळत्याला जायचंय तर नवऱ्यानं रजा टाकावी, ती जशी नेहमी सगळं सांभाळते तसं यानं दहा दिवस सांभाळावं, यात उपकार काही नाहीत. जाताना केंद्राचा नंबर फ्रिजवर लावा, अगदी तातडीचं असेल तर निरोप पोहोचवतात.

सासूबाईंना, वडिलांना हे सगळं संशयाचं वाटत असेल तर एक रविवार काढा आणि सगळ्यांना गाडीत घालून सकाळी लवकर खिद्रापूरला न्या. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात वरचं छत गोल उघडं आहे, तिथं दहा मिनिटं कुणी न बोलता बसायचं असं आधीच ठरवा, म्हाताऱ्या माणसांना ते आपल्यापेक्षा चांगलं जमतं. येताना नरसोबावाडीला दत्ताचं दर्शन, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पाय धुवा, बासुंदी घ्या, आणि परतीच्या गाडीत त्यांना विचारा की तुम्ही तरुणपणी मन उदास झालं की काय करायचा. माझ्या माहितीतल्या कितीतरी जणांना त्यांची साधना याच गप्पांत सापडलीय.